घंटा वाजली, उठणार कोण?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत माणसे गुडघेदुखी, साखर, रक्तदाब, अपचन यांबद्दल मोकळेपणाने बोलतात. मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी ऐकले तरी कुणाला काही वाटत नाही. लघवी न धरवण्याची तक्रार मात्र जवळजवळ नेहमी शेवटी येते. औषधे लिहून झालेली असतात, केसपेपर हातात घेतलेला असतो, आणि मग सोबत आलेली मुलगी किंवा सून आवाज खाली आणून विचारते, ‘‘यांना लघवी कळत नाही हो, त्यावर काही आहे का?’’ पुढचे वाक्यही बहुतेक तीच बोलून टाकते : ‘‘वयच झालंय म्हणा आता.’’

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवी पुस्ती जोडली जाऊ लागली आहे. बाहेरगावी किंवा परदेशात असलेल्या मुलाने कुठेतरी पाहिलेले असते की, डायपरला चिकटवायचा सेन्सर मिळतो, डायपर ओला झाला की मोबाइलवर संदेश येतो. मग विचारणा होते, ‘‘घेऊ का, डॉक्टर?’’ या प्रश्नाचे उत्तर नुसत्या ‘हो’ किंवा ‘नाही’त देता येत नाही. सेन्सर चांगला आहे की वाईट, यापेक्षा तो कशासाठी वापरायचा आणि त्याची घंटा वाजल्यावर काय करायचे, हे आधी ठरवावे लागते.

ही कल्पना तशी जुनीच आहे. माइनहार्ड फॉन फाउंडलर या बालरोगतज्ज्ञाने १९०४ मध्ये अशाच एका साधनाची नोंद केली. वॉर्डातल्या मुलाने अंथरूण ओले केले की परिचारिकेला लगेच कळावे, म्हणून त्याने विजेची घंटा जोडली होती. ओली चादर लवकर बदलली जावी, एवढाच त्यामागचा हेतू. पण काही दिवसांनी लक्षात आले की, घंटा वापरलेली काही मुले अंथरूण ओले करायचीच थांबली आहेत. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेतील माउरर या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने हीच पद्धत उपचार म्हणून मांडली. लहान मुलांच्या रात्रीच्या लघवीसाठी अलार्म हा आजही मान्यताप्राप्त उपचार आहे.

या इतिहासात एक सूचना दडलेली आहे. घंटा लावली होती कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी, पण मोठा फायदा झाला तो मुलांचा, कारण तिच्यामुळे मूल स्वतः जागे होऊ लागले. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला घंटेने तसे शिकवता येत नाही. तरीही सेन्सरचा उपयोग चादरीसाठी करायचा की माणसासाठी, हा प्रश्न आजही तोच आहे.

आजच्या साधनांचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार ओलेपणा ओळखणारा. लघवीत क्षार असल्याने तिच्यातून वीज वाहते. डायपरच्या आत बारीक वीजवाहक पट्ट्या असतात; त्यांच्यामध्ये लघवी आली की परिपथ जुळतो आणि इशारा जातो. २०२० मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी यात आणखी स्वस्त वाट दाखवली. डायपरमध्ये पाणी शोषून जेलीसारखी फुगणारी जी पावडर असते, ती ओली झाल्यावर किंचित वीजवाहक बनते. या गुणाचाच वापर करून त्यांनी बॅटरी न लागणारी चिप चालवली. अशा एका सेन्सरचा उत्पादनखर्च दोन सेंटपेक्षा कमी, म्हणजे आपल्या दोन रुपयांच्याही आत येईल, असा त्यांचा अंदाज होता. अर्थात संदेश वाचणारे यंत्र वेगळे लागते आणि ते खाटेच्या जवळ असावे लागते.

दुसरा प्रकार नोंद ठेवणारा. यात लगेच घंटा वाजवणे हा मुख्य उद्देश नसतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियातील काही वृद्धसेवा केंद्रांत सलग ७२ तास सेन्सर लावून त्या व्यक्तीला केव्हा केव्हा आणि साधारण किती लघवी होते, याचा आलेख काढतात. नंतर सेन्सर काढून ठेवतात. त्या आलेखावरून माणसाला शौचालयात केव्हा न्यायचे, कोणत्या मापाचा पॅड पुरेल, रात्री खरोखर किती वेळा उठावे लागेल, हे ठरवतात.

तिसरा प्रकार लघवी होण्याआधी सांगणारा. ओटीपोटावर छोटे अल्ट्रासाउंड यंत्र बांधतात. आपल्याकडे सोनोग्राफीत जे तत्त्व वापरतात तेच येथे आहे. ध्वनिलहरी मूत्राशयाच्या भिंतींवरून परत येतात आणि त्यावरून ते किती भरले आहे याचा अंदाज बांधता येतो. जपानमधील ‘डीफ्री’ हे असे साधन आहे. जपानमध्ये ६५ वर्षांवरील लोक लोकसंख्येच्या सुमारे २९ टक्के आहेत. तेथील दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात एप्रिल २०२२पासून अशा ‘पूर्वसूचना देणाऱ्या’ साधनांचा समावेश झाला. तेथेही साधन सरसकट वाटले जात नाही. मूत्राशयाच्या कामाबद्दल वैद्यकीय मत काय आहे आणि ते साधन त्या व्यक्तीला वापरता येईल का, हे आधी पाहिले जाते.

या साधनांचा फायदा कोठे होतो? सर्वात आधी त्वचेला. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. लघवी अंगाशी राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, त्वचेचे आम्लपण कमी होते आणि ओलीने फुगलेली कातडी लवकर सोलवटते. त्यात शौचाचा अंश मिसळला तर नुकसान फार वेगाने होते. खाटेला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर आणि नितंबांवर ज्या जखमा होतात, त्या बऱ्या व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात. काहींचा जीवही त्यातून आलेल्या जंतुसंसर्गाने जातो. मधुमेहामुळे किंवा पक्षाघातामुळे ज्याला ओलेपणा कळतच नाही, ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याच्यासाठी सेन्सर हे खरोखरच बोलण्याचे साधन ठरू शकते.

दुसरा फायदा झोपेचा. डायपर ओला झाला का, हे पाहण्यासाठी रात्री दर दोन-तीन तासांनी दिवा लावून पांघरूण बाजूला करावे लागते. यात म्हाताऱ्या माणसाचीही झोप मोडते आणि पाहणाऱ्याचीही. सेन्सर असेल तर नुसते पाहण्यासाठी उठावे लागत नाही. मात्र कूस बदलण्यासाठी उठावेच लागते, हे विसरता कामा नये. बेडसोर ओलीने वाढतो, पण मुख्यतः तो दाबाने होतो. डायपर कोरडा आहे म्हणून माणसाला रात्रभर एकाच कुशीवर ठेवले, तर सेन्सरने आपल्याला फसवले असे म्हणता येणार नाही.

आता अडचणीचे बोलू. सेन्सर इशारा देतो, डायपर बदलत नाही. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीला चाळीस-पन्नास रुग्णांमागे दोन सिस्टर आणि एखाद्या मावशी असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. कुणाचे सलाइन संपलेले असते, कुणाला धाप लागलेली असते, दारातून नवा रुग्ण येत असतो. अशा वेळी दहा खाटांवरून दहा इशारे वाजू लागले तर काय होईल? पहिल्या आठवड्यात धावपळ होईल, दुसऱ्या आठवड्यात आवाज कमी केला जाईल आणि तिसऱ्या आठवड्यात यंत्र कपाटात जाईल. सतत वाजणाऱ्या घंटेकडे कान बधिर होतात, हे अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. मनुष्यबळ न वाढवता यंत्रे आणली, तर रुग्ण ओल्यात किती वेळ पडून होता याची अचूक नोंद तेवढी आपल्या हाती येईल.

मनुष्यबळाच्या याच टंचाईमुळे रुग्णालयात एक सोपी पळवाट रुळली आहे. ती म्हणजे लघवीची नळी. नळी घातली की चादर कोरडी राहते. पण नळी आत राहिलेल्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जिवाणू वाढण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. लघवी अडली असेल, गंभीर रुग्णाची लघवी तासातासाला मोजायची असेल, तर नळी हवीच. केवळ कपडे ओले होतात म्हणून ती नको. सेन्सरमुळे अशा अनावश्यक नळ्या कमी झाल्या, तर तो त्याचा सर्वात मोठा उपकार मानावा लागेल.

तथापि, खरेदीच्याही आधी येते ते निदान. लघवी न धरवणे हा एक आजार नाही. खोकताना, हसताना, बादली उचलताना थेंब जातात तो प्रकार वेगळा. तो बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यानंतर बायकांत जास्त दिसतो. एकदम घाई होते आणि दारापर्यंत पोहोचेपर्यंत कपड्यात होते, तो वेगळा. लघवी लागल्याचे कळते, पण गुडघे उठू देत नाहीत, पायजम्याच्या नाडीची गाठ सुटत नाही, शौचालय अंगणापलीकडे आहे, तो आणखी वेगळा. या तिसऱ्या प्रकारात मूत्राशयाचा काहीच दोष नसतो. तेथे सेन्सरपेक्षा इलॅस्टिकचा पायजमा, खाटेशेजारी कमोडची खुर्ची, वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि भिंतीला धरायला दांडी यांनी जास्त काम होते. अंधारात घाईने उठून पडल्याने खुब्याचे हाड मोडलेली माणसे आमच्याकडे येतात, तेव्हा या दांडीची किंमत कळते.

चौथा प्रकार फसवा आहे आणि त्यासाठीच हा परिच्छेद लिहीत आहे. प्रोस्टेट वाढल्याने किंवा मधुमेहात नसा दुबळ्या झाल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. ते तुडुंब भरते आणि वरचे पाणी थेंबाथेंबाने गळत राहते. घरच्यांना वाटते, लघवी खूप होते आहे. वस्तुस्थिती उलट असते. लघवी अडलेली असते. अशा माणसाला डायपर लावला तर ओलेपणाचा सेन्सर इमानेइतबारे इशारे देत राहील, घरचे इमानेइतबारे डायपर बदलत राहतील आणि आत साठलेल्या लघवीच्या दाबाने मूत्रपिंडे निकामी होत जातील. लघवी करून झाल्यावर आत किती उरते, हे सोनोग्राफीत काही मिनिटांत दिसते. ही तपासणी सरकारी रुग्णालयातही होते.

अनेक कारणे तर सरळ दूर करता येण्यासारखी असतात. लघवीतला जंतुसंसर्ग, घट्ट मळ साठून होणारी बद्धकोष्ठता, अचानक आलेला बुद्धिभ्रम, अनियंत्रित साखर, पाळी गेल्यानंतर योनीमार्गाला येणारा कोरडेपणा, खिळवून ठेवणारी सांधेदुखी, आणि औषधे. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेली ‘लघवीची गोळी’ संध्याकाळी घेतली जात असेल, तर रात्र ओली जाणारच. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यानेही लघवीचे प्रमाण वाढते. गोळी स्वतःहून बंद करू नये, पण वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना ही बरी होणारी कारणे लक्षात राहावीत म्हणून इंग्रजी आद्याक्षरांची जी जुळणी शिकवतात, तिचा शब्द ‘डायपर्स’ असाच होतो. म्हणजे डायपर लावण्याआधी ही यादी आठवा, असेच जणू तिला सांगायचे आहे.

उपचारही आहेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडले. ते नीट शिकून घेऊन, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठदा, असे निदान तीन महिने केले, तर खोकताना-हसताना होणारी गळती अनेक स्त्रियांमध्ये स्पष्टपणे कमी होते. घाईच्या लघवीसाठी मूत्राशयाला सवय लावण्याचे वेळापत्रक आणि औषधे आहेत. ‘बाहेर जायचे आहे’ म्हणून दिवसभर पाणीच न पिणे, हा आपल्याकडच्या बायकांचा नेहमीचा उपाय मात्र उलटतो. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला चिडवते, संसर्ग आणि बद्धकोष्ठताही वाढते.

आणि सेन्सर नसला तरी नोंद ठेवता येतेच. एक वही घ्या. सलग तीन दिवस पाणी-चहा केव्हा आणि किती, लघवी केव्हा, कपडे ओले केव्हा, एवढे लिहा. मोजण्यासाठी जुने मापाचे भांडे पुरते. तीन दिवसांत बहुधा एक ठसा दिसू लागतो : सकाळच्या चहानंतर पाऊण तासाने, दुपारच्या झोपेतून उठताना, पहाटे चारच्या सुमारास. त्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी माणसाला उठवून शौचालयात न्यायचे, ‘‘लघवी लागली आहे का?’’ असे प्रेमाने विचारायचे आणि कोरडे राहिले तर तसे बोलून दाखवायचे. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत १९८०च्या दशकापासून अभ्यासली गेलेली पद्धत हीच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या काही वृद्धांनाही तिचा उपयोग होतो. नोंद ठेवणारा सेन्सर हेच काम अधिक अचूकपणे आणि कुणालाही रात्री न जागवता करतो. म्हणून तिन्ही प्रकारांत मला तो सर्वात उपयुक्त वाटतो.

तरीही शौचालयात नेणारे कुणीतरी लागतेच. घरात हे ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, हे सांगायची गरज नाही. पत्नी, सून, मुलगी, नाही तर ब्युरोतून आलेली बाई. मोबाइलवर येणारा इशारा परदेशातल्या मुलाला दिसतो, आणि तो तेथून फोन करून विचारतो, ‘‘आईचा डायपर अजून का बदलला नाही?’’ तंत्रज्ञानाने काळजी वाटून घेतली जावी. ते देखरेखीचे साधन बनू नये. जी बाई रात्रीतून चार वेळा उठते, तिच्यावर लक्ष ठेवण्यापेक्षा आठवड्यातून दोन रात्री तिला पूर्ण झोप कशी मिळेल, याची व्यवस्था मुलाने केली तर आईची काळजी अधिक चांगली घेतली जाईल.

आणि ज्याच्या अंगावर हा सेन्सर लागणार, त्याला कुणी विचारले का? आपली लघवी केव्हा होते ही माहिती अत्यंत खासगी आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये देशात कायदा झाला आहे. पण घरातल्या घरात कायद्याआधी रीत असावी लागते. वडिलांना समजेल अशा भाषेत सांगावे, इशारा कुणाच्या फोनवर जाईल हे त्यांना ठरवू द्यावे, आणि ते नको म्हणाले तर तो निर्णय मानावा. जो माणूस हाताला धरून शौचालयापर्यंत जाऊ शकतो, त्याला ‘त्यातच करा, बदलू नंतर’ असे सांगणे आणि वर सेन्सर लावणे, यात त्याचा उरलासुरला ताबाही आपण काढून घेतो. न चालणारे पाय आणि न वापरलेले मूत्राशय, दोन्ही लवकर हार मानतात.

खर्चाचाही विचार करायला हवा. बऱ्यापैकी डायपरला साधारण ३० ते ४० रुपये पडतात. दिवसाला तीन-चार लागले, तर महिन्याचा आकडा तीन-चार हजारांवर जातो. अनेक घरांत म्हणूनच एकच डायपर रात्रभर चालवला जातो. त्या घरांना महागडा सेन्सर परवडणार नाही. आणि घेतला तरी इशारा वाजल्यावर बदलायला दुसरा डायपर नसेल.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ६० वर्षांवरील लोकांचे प्रमाण जवळजवळ १० टक्के होते. आज ते त्याहून अधिक आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. या कार्यक्रमाच्या ओपीडीत साठीपुढच्या प्रत्येकाला रक्तदाबाबरोबरच ‘लघवी धरवते का?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. त्याला खर्च येत नाही. विचारणाऱ्याने मान खाली न घालता विचारले, तर सांगणाराही सांगतो.

दुसरी गोष्ट आपल्याला सहज जमण्यासारखी आहे. महाराष्ट्रात गावोगावी सेवाभावी संस्थांची, मंडळांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. खाट, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची अनामत रकमेवर तेथून नेता येते. नोंद ठेवणारा सेन्सर प्रत्येक घराने विकत घेण्याची गरजच नाही, कारण तो तीन दिवसांपुरता लागतो. अंगाला लागणारा पॅड प्रत्येकाचा नवा आणि नोंद ठेवणारे यंत्र निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे, अशी चार यंत्रे एखाद्या केंद्रात असली, तर तालुक्यातल्या कितीतरी घरांना वेळापत्रक करून मिळेल. सोबत ते वेळापत्रक समजावून सांगणारी एक प्रशिक्षित परिचारिका हवी. जिल्हा रुग्णालये आणि ही केंद्रे यांनी मिळून असा प्रयोग करावा, त्यातून बेडसोर आणि अनावश्यक नळ्या कमी झाल्या का, हे मोजावे, आणि मगच शासनाने मोठ्या खरेदीचा विचार करावा.

तोवर ज्यांना सेन्सर घ्यायचा आहे, त्यांनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. लघवी का धरवत नाही, हे डॉक्टरांनी तपासले आहे का? इशारा वाजल्यावर दहा मिनिटांत उठणारे माणूस ठरले आहे का? आणि ज्याच्यासाठी घेतो आहोत, त्याला तो हवा आहे का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर जरूर घ्या. एक जरी ‘नाही’ असेल, तर तेच पैसे आधी तपासणीवर, कमोडच्या खुर्चीवर आणि रात्री मदतीला येणाऱ्या बाईच्या पगारावर खर्च करा.